कोण कोणाला सांगतो आहे?

वाचक माउली, या अंकातून दर महिन्याला ज्ञानोबा-तुकोबांवरचे चिंतन वाचण्याची तुम्हांला सवय आहे. आज मी जे सांगणार आहे त्याचा आरंभ मात्र एका वेगळ्याच ग्रंथापासून होतो. मी माळकरी माणूस. वडिलांचे बोट धरून पहिली वारी केली, त्याला आता पन्नासांवर वर्षे झाली. गावच्या सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला एकतीस वर्षे न चुकता बसलो. आणि असा मी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, बायबल वाचायला शिकलो. रागावू नका. शेवटपर्यंत ऐका, मग काय ते ठरवा.

आमचे गाव नेवासे तालुक्यात. ज्या खांबाला टेकून माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली तो पैस खांब आमच्यापासून सायकलवरच्या अंतरावर. याच नगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकापासून मिशनचे काम चालले, म्हणून आमच्याकडे गावोगाव ख्रिस्ती घरे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेली, आमच्यासारखीच बोलणारी, आमच्यासारखीच भाकरी खाणारी. माझ्या पिठाच्या गिरणीसमोर अशाच एका घरात मास्तर राहत. शाळेतून निवृत्त झालेले, पत्नी मागेच गेलेली, मुलगी पुण्याला. रोज पहाटे माझा हरिपाठ चालू असे तेव्हा त्यांच्या खिडकीत दिवा लागलेला असे. हातात बायबल आणि कानावर पेन्सिल.

एके वर्षी तो दिवा लागेनासा झाला. काचबिंदूने मास्तरांची नजर गेली होती. मी भेटायला गेलो. इकडचे तिकडचे बोलणे झाले आणि उठताना ते म्हणाले, "बुवा, एक मागू का? रोज अर्धा तास वाचून दाखवाल? भाकरी कोणीही देते हो. वाचून दाखवणारे कोणी नाही."

मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. घरी आलो आणि रात्रभर तळमळलो. गावात मी वीणेकरी. लोक काय म्हणतील? दिंडीतले काय म्हणतील? दुसऱ्या दिवशी आमच्या फडावरच्या वृद्ध महाराजांकडे गेलो आणि सगळे सांगितले. ते हसले. म्हणाले, "आंधळ्या माणसाला रस्ता ओलांडून देताना तू कोणत्या देवळात चाललास, असे विचारतोस का? जा, वाच. आणि वाचशील ते नीट वाच. पाट्या टाकू नकोस."

त्या शेवटच्या वाक्याने माझी खरी परीक्षा घेतली. कारण नीट वाचणे म्हणजे काय, हे मला माहीतच नव्हते.

पहिल्या दिवशी विचारले, "मास्तर, कुठून वाचू?" ते म्हणाले, "तुम्हांला वाटेल तिथून." मी पारायणाच्या सवयीने पहिले पान उघडले आणि सुरू केले. उत्पत्ती म्हणजे सृष्टीची आणि पूर्वजांची कथा. ती बरी गेली. निर्गमामध्ये मोशे आपल्या लोकांना मिसर देशाच्या गुलामीतून बाहेर काढतो. तेही रंगून वाचले. पुढे लेवीय नावाचे पुस्तक आले आणि माझी गाडी चिखलात रुतली. कोणता पशू कसा अर्पण करायचा, रक्त कुठे शिंपडायचे, चरबीचे काय करायचे, याचे नियमांवर नियम. माळकऱ्याच्या तोंडून ते शब्द निघेनात. दोन दिवस रेटले आणि तिसऱ्या दिवशी पुस्तक मिटून म्हणालो, "मास्तर, मला हे जमायचे नाही."

मास्तर हसू लागले. "मी वाटच पाहत होतो. बहुतेक सगळे नवशिके इथेच अडकतात."

"मग आधी का नाही सांगितले?"

"विद्यार्थी अडल्याशिवाय विचारत नाही, बुवा. चाळीस वर्षे शाळेत तेच पाहिले."

त्या दिवशी त्यांनी मला पहिला धडा दिला. हा एक ग्रंथ नव्हे, हे ग्रंथांचे कपाट आहे. त्यांच्या पंथाच्या बायबलात जुन्या करारात ३९ आणि नव्या करारात २७, मिळून ६६ पुस्तके. रोमन कॅथलिक बायबलात ती ७३ आहेत. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत, नवा करार ग्रीक भाषेत. शेकडो वर्षांच्या काळात अनेक हातांनी लिहिलेले. त्यात कायदा आहे, राजांचा इतिहास आहे, गाणी आहेत, म्हणी आहेत, संदेष्ट्यांचे बोल आहेत, पत्रे आहेत. "आता सांगा," मास्तर म्हणाले, "तुम्ही भारूड आणि काकड्याचे अभंग एकाच चालीवर म्हणता का?"

"नाही."

"मग कायदा आणि गाणे एकाच डोळ्याने कसे वाचाल? आधी पाहायचे, आपल्या हातात आहे ते काय आहे. कायदा असेल तर तो कोणासाठी होता हे विचारायचे. गाणे असेल तर ते गाणे म्हणून ऐकायचे. लेवीय आहे तिथेच राहील. पुढे कधीतरी त्याच्याकडे येऊ. आता मार्क काढा."

मार्काचे शुभवर्तमान सोळाच अध्यायांचे, चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान. नवशिक्याने तिथून सुरुवात करावी, हे मास्तरांचे मत, आणि मला ते मानवले. येशूच्या जन्माची कथा त्यात नाहीच; तो मोठा झालेला असताना नदीवर येतो तिथून गोष्ट सुरू होते. मला वाटले, पाने गळाली असतील. मास्तर म्हणाले, "जन्माची कथा मत्तय आणि लूक सांगतात. मार्क सांगत नाही. वारीहून आलेल्या चौघांना विचारा, वारी कशी झाली? एक जण रिंगण सांगेल, एक जण पाऊस सांगेल. वारी एकच." मग आम्ही मार्क संपवून लूक घेतला. त्याचे चोवीस अध्याय.

दुसरा धडा आकड्यांचा. अध्याय अमुक, वचन अमुक, असा पत्ता शोधायला मला अवघड गेले नाही. आपल्यालाही अध्याय आणि ओवी यांची सवय आहेच. पण मास्तरांनी सावध केले. हे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली, वचनांचे आकडे सोळाव्या शतकातले. तेव्हा आकडा संपला म्हणून विचार संपला, असे धरू नये. एखादे वचन उचलून भिंतीवर लावण्याआधी त्याच्या मागचे-पुढचे वाचावे.

तिसरा धडा मला सर्वांत उपयोगी पडला, म्हणून तुम्हांला नीट सांगतो. वाचून झाले की मास्तर तीन प्रश्न विचारीत. एक, कोण कोणाला सांगतो आहे? दोन, ऐकणाऱ्यांना त्या वेळी त्यातून काय कळले असेल? तीन, आता मला त्यातून काय घ्यायचे आहे? क्रम चुकवायचा नाही. मी नेहमी तिसऱ्यावर उडी मारायचो. ते म्हणत, "बुवा, पायरी चुकली."

जे कळत नाही तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून पुढे जायचे, हा चौथा धडा. अडून बसायचे नाही आणि खोटे समाधानही करून घ्यायचे नाही.

आणि पाचवा धडा माझ्या एका खोडीमुळे मिळाला. संध्याकाळी आम्ही स्तोत्रसंहितेतले एक स्तोत्र वाचत असू. एकूण १५० स्तोत्रे आहेत. त्यांत स्तुती आहे तशी तक्रारही आहे. देवा, तू का लपलास, किती वाट पाहू, असे देवाशी केलेले भांडण आहे. मी दर दोन ओळींनी म्हणू लागलो, "हे तर आमचे नामदेवरायच! हे तर आमचे तुकोबाच!" चार दिवस मास्तरांनी ऐकून घेतले. पाचव्या दिवशी म्हणाले, "बुवा, पाहुणा दारात आला की लगेच 'तुम्ही अगदी आमच्या मामांसारखे दिसता' म्हणू नये. आधी पाणी द्यावे, बसू द्यावे, त्याचे नाव विचारावे. सारखेपणा कुठे पळून जात नाही."

मला ते लागले, पण पटले. दोन्हींत फरक आहेत, आणि ते लहान नाहीत. पुनर्जन्माचा विचार त्यांच्याकडे नाही. त्यांच्या नैवेद्याच्या आणि मेजवानीच्या कथा आपल्याला रुचणाऱ्या नाहीत. येशूविषयी त्यांची जी श्रद्धा आहे ती माझी नाही, आणि मास्तरांनी ती माझी व्हावी म्हणून एक शब्दही कधी टाकला नाही. मीही त्यांना माळ घालायला गेलो नाही. फरक मान्य केल्यावर ऐकणे सोपे झाले.

सारखेपणाच्या वाटा मात्र त्यांनीच मला पुढे दाखवल्या. फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने गोमंतकात राहून मराठी शिकून ओवीत क्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सगळे बायबल उतरवले आणि १९२२ साली देह ठेवण्याआधी ते काम पुरे केले. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती भजनासाठी अभंग लिहिले. त्यांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पुढे पूर्ण केले. आपली ओवी आणि आपला अभंग दुसऱ्याच्या घरीही नांदतो आहे, हे ऐकून मला कसे वाटले ते काय सांगू! लेक सासरी सुखी असल्याचे कळावे, तसे वाटले.

आता ज्यासाठी हे सगळे लिहायला बसलो, ते सांगतो.

लूकचा पंधरावा अध्याय आला. त्यात एका बापाची आणि दोन मुलांची गोष्ट आहे. धाकटा बापाकडे आपला वाटा मागतो, घेऊन दूर देशी जातो, सगळे उधळतो. दुष्काळ पडतो, डुकरे राखायची वेळ येते. मग शुद्धीवर येऊन घरी परततो. बाप त्याला लांबूनच पाहतो, धावत जाऊन गळ्यात पडतो, अंगावर झगा घालतो, बोटात अंगठी घालतो, मेजवानी करतो. मेजवानीसाठी वासरू कापल्याचे आले तिथे माझी जीभ अडखळली. मास्तर म्हणाले, "वाचा. देश वेगळा आहे, बाप तोच आहे." मोठा मुलगा शेतातून येतो, घरातली गाणीबजावणी ऐकतो आणि रागाने बाहेरच उभा राहतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो. तिथे गोष्ट संपते.

मी वाचले आणि माझ्या सवयीने तिसऱ्या प्रश्नावर उडी मारली. "फार छान आहे, मास्तर. चुकलेल्याने परत यावे, देव क्षमा करतो."

"पायरी चुकली, बुवा. कोण कोणाला सांगतो आहे?"

मी म्हणालो, "येशू सांगतो. लोकांना."

"कोणत्या लोकांना? अध्यायाच्या आरंभी जा."

मी मागे गेलो. तिथे लिहिले होते की पापी म्हणून ज्यांची गणना होती असे लोक येशूचे ऐकायला येत होते, आणि परूशी व शास्त्री, म्हणजे धर्म काटेकोर पाळणारे, शास्त्र जाणणारे, कुरकुर करीत होते की हा असल्यांच्या पंक्तीला बसतो. त्या कुरकुरणाऱ्यांना उद्देशून ही गोष्ट आहे.

"म्हणजे ही गोष्ट धाकट्यासाठी नाही?" मी विचारले.

"धाकटा ऐकत होताच. पण बोट कोणाकडे आहे?"

मी गप्प राहिलो. मास्तर म्हणाले, "आता तो मोठा बापाला काय म्हणतो ते परत पाहा. शब्द पाहा." मी पाहिले. मोठा धाकट्याला 'माझा भाऊ' म्हणत नाही. 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. आणि बाप उत्तर देताना हळूच दुरुस्ती करतो, 'हा तुझा भाऊ' म्हणतो.

माउली, पुस्तक माझ्या हातात तसेच राहिले. मास्तरांना दिसत नव्हते ते बरेच झाले.

मला एक धाकटा भाऊ आहे. बारा वर्षांपूर्वी त्याने वाटणी मागितली. मी समजावले, आईने समजावले, त्याने ऐकले नाही. वाटणी घेतली, वर्षाच्या आत आपली अडीच एकर विकली, पैसा दारूत आणि कसल्याशा धंद्यात घालवला आणि बायकोमुलांना घेऊन चाकणकडे गेला. रखवालदारी करतो असे कानावर यायचे. आई असेपर्यंत ती त्याचे नाव काढी. मी म्हणे, "तुझ्या धाकट्याचे माझ्यासमोर काढू नकोस." तुझा धाकटा. बारा वर्षांत 'माझा भाऊ' हा शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता. आईच्या दहाव्याला तो आला होता. नदीच्या काठावर लांब उभा होता. मी पिंडाला पाणी दिले, कावळ्याची वाट पाहिली, कावळा शिवला, आणि मी त्याच्याकडे न पाहता घरी आलो. त्याच महिन्यात गावात सप्ताह होता. मी पारायणाला बसलो. लोक म्हणाले, बुवांची निष्ठा पाहा.

मास्तरांनी आणखी एकच गोष्ट विचारली. "याच अध्यायात या आधी दोन दाखले आहेत. शंभर मेंढरांतले एक हरवते, तेव्हा काय होते?"

"मेंढपाळ शोधायला जातो."

"दहा नाण्यांतले एक हरवते, तेव्हा?"

"बाई दिवा लावून घर झाडते, शोधते."

"आणि मुलगा हरवतो, तेव्हा शोधायला कोण जाते?"

मी पान पुन्हा वाचले. कोणीच जात नाही.

मास्तर पुढे काही बोलले नाहीत. त्यांना माझ्या घरची गोष्ट ठाऊक होती की नव्हती, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. गिरणीसमोर राहणाऱ्या माणसाला काय ठाऊक नसते?

त्या रात्री मी ज्ञानेश्वरी काढली. पारायणासाठी नाही. पहिलाच अध्याय उघडला आणि मास्तरांचा पहिला प्रश्न विचारला. कोण कोणाला सांगतो आहे? शके १२१२ मध्ये माउलींनी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, हे तोंडपाठ होते. पण आत, गीतेत, पहिला कोण बोलतो? धृतराष्ट्र. एक आंधळा थोरला भाऊ. आणि काय विचारतो? माझ्या मुलांनी आणि पांडूच्या मुलांनी तिथे काय केले? पांडू त्याचा धाकटा भाऊ. धाकट्याची मुले त्याच्याच छायेत वाढलेली. तरी 'माझी' एकीकडे आणि 'पांडूची' एकीकडे. पुढची सगळी गीता त्या एका प्रश्नाच्या पोटातून येते. एकतीस पारायणे केली, माउली. एकतीस वेळा तो श्लोक माझ्या ओठांवरून गेला. मी स्वतःला नेहमी अर्जुनाच्या जागी बसवीत आलो. धृतराष्ट्राच्या जागी कोण बसले आहे, हे मला कधी दिसले नाही.

पारायण वाया गेले असे मी म्हणत नाही. ओव्या तोंडात होत्या म्हणूनच त्या रात्री सापडल्या. बी पडलेले होते, पाणी मात्र मी घातले नव्हते.

चार दिवसांनी चाकणची एसटी धरली. पत्ता मेहुण्याकडून काढला होता. भाऊ कामावर होता. भावजयने दार उघडले, क्षणभर पाहत राहिली, मग पाणी आणले. तो संध्याकाळी आला. केस सगळे पांढरे झालेले. आम्ही समोरासमोर बसलो. जमिनीचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. मला आत गळामिठीचे आणि डोळ्यांतल्या पाण्याचे चित्र होते. तसे काही झाले नाही. चहा झाला. निघताना तो स्टँडपर्यंत आला आणि म्हणाला, "दादा, पुढच्या वेळी येताना आईचा फोटो आण." एवढेच.

मास्तर गेल्या पौषात गेले. शेवटचे काही दिवस ते वाचायला सांगत नसत, नुसते बसा म्हणत. चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसलो. टाळ-मृदंगावर भजन झाले, तेव्हा माझा हात आपोआप ठेका धरू लागला. नंतर त्यांच्या मुलीने ते बायबल माझ्या हातात ठेवले. "बाबांनी तुम्हांला द्यायला सांगितले आहे." घरी येऊन पाने चाळली. पेन्सिलीच्या खुणा जागोजाग. लेवीयच्या पहिल्याच पानावर, मी जिथे अडलो त्याच जागी, जुन्या पेन्सिलीचे एक मोठे प्रश्नचिन्ह होते. तेही तिथेच अडले होते तर! आणि परत येऊन त्यांनी ते खोडलेले नव्हते.

माउली, तुम्ही बायबल वाचा किंवा वाचू नका, असे सांगणारा मी कोण? आपल्याला आपल्या संतांनी भरपूर दिले आहे, ते या जन्मी पुरून उरेल. माझे मागणे लहान आहे. पुढच्या सप्ताहात पारायणाला बसाल तेव्हा रोज एक ओवी बाजूला काढा. ती नवशिक्यासारखी वाचा. कोण कोणाला सांगतो आहे, हे विचारा. तिच्या मागची आणि पुढची ओवी पाहा. कळले नाही तर पेन्सिलीने खूण करा आणि लाज बाळगू नका. आणि त्या ओवीत स्वतःला नेहमीच्या चांगल्या जागेवर बसवू नका. जरा दुसऱ्या जागेवर बसून पाहा.

आणि तुमच्या शेजारी कोणाची नजर गेली असेल, तर त्याचा ग्रंथ कोणता हे न विचारता त्याला वाचून दाखवा. वाचणाऱ्याचे डोळे उघडतात, हे मी स्वानुभवाने सांगतो.

आषाढीला भाऊ दिंडीत येणार का, असे गावात विचारतात. मी फोन केला होता. बघतो म्हणाला. लूकच्या गोष्टीत मोठा भाऊ शेवटी घरात गेला की बाहेरच राहिला, हे लिहिलेले नाही. आमचीही गोष्ट अजून लिहून व्हायची आहे. आईचा फोटो मात्र मी काच बदलून पिशवीत घालून ठेवला आहे.

रामकृष्ण हरी.